ओसरीवर झाड पडले तर

(तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या शिकविणारा माणूस गावात आला की तो कपाशीच्या दोन ओळींतील अंतरावर किंवा उसाच्या खतमात्रेवर बोलणार, असे तुम्ही धरून चालता. आजचा माझा विषय मात्र दारातल्या झाडाचा आहे, आणि तेही घरावर पडलेल्या झाडाचा. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात थोडेफार भरून निघते. पडलेले झाड काढताना माणूस दगावला तर त्याला पुढचा हंगाम नसतो, म्हणून हा विषय निवडला.

एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी किंवा वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा या भागात कोणाला सांगायला नको. दुपारभर हवा कोंडते, आभाळ एका अंगाने काळे होते, धुळीचा लोट उठतो आणि दहा-पंधरा मिनिटांत व्हायचे ते होऊन जाते. नेमक्या याच दिवसांत आपला लिंब नव्या पालवीने भरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पाने झडतात आणि वळीव येईपर्यंत तो पुन्हा गच्च होतो. म्हणजे वर्षातले सर्वांत जोराचे झोत येतात तेव्हा त्याचे शीड पूर्ण उघडलेले असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, हेही ध्यानात घ्या. मग सकाळी कोणाच्या तरी वस्तीवर लिंब ओसरीवर आडवा झालेला दिसतो. पत्रे चेपलेले, एक खांब तिरका, बुंध्याशी मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला आणि भोवती सगळे गाव.

तुम्ही आजच्या बोलण्यातले एवढेच घरी घेऊन गेलात तरी पुरे, की घरावर टेकलेले झाड हे पडून झालेले झाड नव्हे. त्याचे पडणे मध्येच अडलेले असते. ओसरीच्या तुळईने, एखाद्या खांबाने किंवा जमिनीत रुतलेल्या दोन फांद्यांनी ते अडवून धरलेले असते. आपण कुऱ्हाड घेऊन जातो आणि नेमके तेच अडवणारे लाकूड तोडतो. वादळात जे झाले नाही ते मग भर दुपारी, शांत हवेत होते.

वजनाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. दीड-पावणेदोन फूट व्यासाचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका साधारण पाच ते सहा क्विंटल भरतो. डीएपीच्या दहा-बारा बॅगा एकावर एक बांधून ओसरीवर ठेवल्यासारखे ते आहे. हा फक्त एक ओंडका झाला. वरचा पसारा, पाला आणि पावसाचे पाणी वेगळेच.

अकोला जिल्ह्यातील पारसची घटना तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. ९ एप्रिल २०२३ रोजी रविवारी तेथील बाबूजी महाराज संस्थानच्या आवारात वादळी पावसात एक जुना, मोठा लिंब पत्र्याच्या सभामंडपावर कोसळला. पावसापासून आसरा म्हणून लोक त्या मंडपाखाली जमले होते. सात जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. पत्रा पाऊस अडवतो, झाड अडवत नाही. आपणही वारा सुटला की काय करतो? ओसरीत येऊन उभे राहतो, बाजा आत ओढतो, शेळ्या-वासरांना पडवीत घेतो. दाराशी मोठे झाड असेल तर ओसरी आणि पडवी हीच घरातली सर्वांत धोक्याची जागा असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत माणसांनी झाडाच्या विरुद्ध अंगाच्या खोलीत बसावे. स्लॅबची खोली असेल तर तिच्यात. जनावरांची दावी आधीच अशा ठिकाणी हलवावीत की जेथे झाडाचा शेंडा पोहोचत नाही. वारा सुटल्यावर दावी सोडायला धावू नये.

आता झाड पडलेच आहे असे समजू या.

पहिली गोष्ट विजेची. कोणत्याही फांदीत, पत्र्यावर किंवा जमिनीवर तार दिसली तर ती चालू आहे असेच समजावे. गावात लाईट गेली म्हणजे ती तार मेली, असे मुळीच नाही. पुरवठा कधीही परत सोडला जातो. ओले झाड आणि लोखंडी पत्रा दोन्हींतून वीज वाहते, ओल्या जमिनीतूनही वाहते. अशा ठिकाणापासून किमान दहा मीटर, म्हणजे पंधरा पावले तरी दूर थांबावे. नकळत जवळ गेलेलेच असाल तर लांब टांगा टाकून पळू नये. दोन्ही पाय एकमेकांजवळ ठेवून बारीक बारीक सरकत बाहेर यावे, कारण दोन पायांतले अंतर जितके जास्त तितका शरीरातून वाहणारा प्रवाह जास्त. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि लाईनमनने स्वतः पुरवठा तोडून ‘आता जा’ म्हटल्याशिवाय झाडाला हात लावू नये. घराचा मेन स्विच सुरक्षितपणे हाताशी येत असेल तरच बंद करावा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो. अलीकडे वस्त्यांवर सौर पॅनेल आले आहेत. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज तयार करीतच असते, मग खांबावरची लाईट असो वा नसो. फुटलेल्या पॅनेलला आणि त्याच्या वायरीला हात लावू नये.

दुसरी गोष्ट मुलांची. उन्मळलेल्या झाडाखाली मोठा खड्डा पडतो आणि त्यावर मुळांचा गड्डा छत्रीसारखा उभा असतो. मुलांना ती जागा खेळायला फार आवडते. इकडे मोठी माणसे बुंधा कापत असतात. बुंध्याचे वजन सुटले की तोच गड्डा एका क्षणात पुन्हा खड्ड्यात बसतो. त्याचे वजन क्विंटलमध्ये नव्हे, टनात मोजावे असे असते. काम चालू होण्यापूर्वी खड्ड्यात आणि गड्ड्यामागे कोणी नाही हे एका माणसाने जाऊन पाहावे आणि काम संपेपर्यंत त्या माणसाने तेथेच, बाजूला, राखण करीत उभे राहावे. त्याला दुसरे काम देऊ नये.

ओसरीखाली कोणी अडकले असेल तर १०८ आणि ११२ या क्रमांकांवर लगेच कळवावे. अडकलेल्याच्या अंगावरचे झाड सर्वांनी मिळून ओढायचा मोह होतो, तो आवरावा. आधी झाड जेथे आहे तेथेच धरून ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी धिरे आणि पाचरी द्यायच्या, मग माणूस बाहेर काढायचा.

कोणी अडकलेले नसेल तर घाईचे काहीच कारण नाही. पण वादळानंतरच्या सकाळी घाईच फार असते. दळण पडलेले असते, चूल ओसरीत असते, पाहुणे येणार असतात आणि भोवती जमलेल्या प्रत्येकाला एक युक्ती सुचलेली असते. ट्रॅक्टर लावा आणि ओढा, ही त्यातली सर्वांत आवडती. मला ती सर्वांत वाईट वाटते. झाड छतावरून ओढले की ते उचलले जात नाही, घासत जाते. उरलेले पत्रे, वासे आणि खांब बरोबर घेऊन जाते. दोरखंड ट्रॅक्टरच्या हूकपेक्षा उंच ठिकाणी बांधला तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी परत येते. जेसीबीचा उपयोग आहे, पण तो ओढण्यासाठी नाही. समजूतदार चालक असेल तर बुंधा कापताना मुळांचा गड्डा बकेटने दाबून धरायला किंवा कापलेला ओंडका पट्ट्यात घालून वर उचलायला जेसीबीसारखे साधन नाही.

झाडाला हात लावण्यापूर्वी फोटो काढून घ्यावेत. चारही बाजूंनी, घर आणि झाड एकत्र दिसेल असे, आणि आतल्या भेगांचे दारातूनच. त्यानंतर तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पंचनाम्यासाठी लेखी कळवावे. आपल्या राज्याने अवेळी पाऊस, अतिवृष्टी आणि वीज कोसळणे यांना २०१४ सालीच राज्य आपत्ती म्हणून मान्यता दिली आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६५०० रुपये, कच्च्या घराला ४००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३००० रुपये ठरविले होते. दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० आणि बैलास ३२,००० रुपये होते. घराची रक्कम वाचून तुम्ही हसाल. एवढ्यात पत्रेही येत नाहीत. तरीही पंचनामा करून घ्यावा, कारण जनावराची रक्कम लहान नाही आणि घराचा किंवा जनावराचा विमा असेल तर तोच कागद उपयोगी पडतो. जनावर दगावले असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नये. मात्र पंचनाम्याची वाट पाहत लोंबकळती फांदी डोक्यावर ठेवून बसू नये. धोका असेल तर फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन काम सुरू करावे.

आता कापणीकडे वळू. हे काम ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे. पण आपल्या घरावरचे काम कोण कसे करतो आहे, हे मालकाला कळले पाहिजे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

उसाचे एक लांब टिपरू घ्या, दोन्ही टोके दोन विटांवर ठेवा आणि मधोमध दाबा. वरची बाजू आवळते, खालची ताणते. आता तेच टिपरू एका टोकाला पायाखाली धरा आणि मोकळे टोक खाली वाकवा. या वेळी वरची बाजू ताणते आणि खालची आवळते. पडलेल्या झाडाचे सगळे शास्त्र एवढेच आहे. बुंधा जमिनीवर, शेंडा ओसरीवर आणि मधला भाग अधांतरी असेल तर तो पहिल्या टिपरासारखा असतो. तेथे वरून, आवळलेल्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप घ्यावा आणि उरलेला खालून वर कापीत आणावा. ओसरीच्या कडेपलीकडे लोंबणारा शेंडा दुसऱ्या टिपरासारखा असतो. त्याला आधी खालून तिसरा हिस्सा आणि मग वरून. उलटे केले, म्हणजे ताणलेल्या बाजूने एकदम खोल कापले, तर खोड उभे चिरते आणि चिरलेले फाळके उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येते. आवळलेल्या बाजूने नुसते कापत गेले तर करवत अडकते. अडकलेली करवत हिसके मारून काढण्यातही अपघात होतात.

सुरुवात नेहमी शेंड्याकडून आणि बारीक फांद्यांपासून करावी. जमिनीवर उभे राहून कोयत्याने जेवढा पाला उतरवता येईल तेवढा आधी उतरवावा. यानेच बरेच वजन कमी होते आणि झाड कोठे टेकले आहे ते स्पष्ट दिसू लागते. मग नीट पाहावे. काही फांद्या जमिनीत रुतून झाडाचे पाय झालेल्या असतात. त्या सर्वांत शेवटी. त्यांच्यातील एक जरी आधी तोडली तरी खोड लोळते. ओसरीवरचा भार एका दमात काढू नये. दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे करीत, प्रत्येक तुकडा दोरखंडाने बांधून सावकाश खाली सोडावा. बुंध्याचा काप शेवटी घ्यावा आणि गड्ड्याला पाच-सहा फूट खोड राहू द्यावे. तेवढे वजन असले की गड्डा झटक्याने परत बसत नाही, शिवाय नंतर तो हलवायला धरायला मिळते.

यांत्रिक करवत आता गावोगाव भाड्याने मिळते. तिच्या पात्याचे वरचे टोक लाकडाला लागले की करवत मागे, तोंडाकडे उसळते, हे चालविणाऱ्याला ठाऊक आहे का ते विचारावे. शिडीवर उभे राहून आणि खांद्याच्या वर धरून ती कधीही चालवू देऊ नये. गळ्यातले उपरणे, सैल धोतर, साडीचा पदर करवतीजवळ नको. कापणाऱ्याच्या जवळ कोणी उभे राहू नये आणि त्याला मागे हटायला वाट मोकळी असावी.

माळवदाच्या घरांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. तो पावसाने भिजला की आधीच जड होतो आणि त्यावर झाडाचा भार आलेला असतो. अशा माळवदावर चढून फांद्या तोडू नयेत. सगळे काम बाजूने, खालून किंवा जेसीबीच्या साहाय्याने करावे. आत धिरे द्यायचे असतील तर ज्या खणाला काही झालेले नाही त्या खणापासून सुरुवात करून एकेक पुढे जावे. धिरा ओल्या मातीवर उभा केला तर खचतो. खाली जाड फळी ठेवावी, वर तुळईला फळी लावावी आणि पाचर ठोकून घट्ट बसवावा. पाचर हलकेच ठोकावी. आपल्याला तुळई धरायची आहे, उचलायची नाही.

झाड निघाले की बायाबापड्या लगेच ओसरी झाडायला घेतात. दोन दिवस थांबा. वजन उतरले की घर हलते आणि नव्या भेगा तेव्हा दिसतात. खांब तळखड्यावर मधोमध आहे का, की सरकला आहे? खांबाला ओळंबा लावून पाहा. तुळई खांबावर पूर्ण टेकते का? भिंतीला पोट सुटले आहे का? दगड-मातीची भिंत भिजून पोट सुटलेली असेल तर ती वाळताना पडते, भिजताना नव्हे, असे बरेचदा घडते. भेगेच्या दोन्ही टोकांना कोळशाने तारीख घालून रेघ मारावी. आठ दिवसांनी भेग रेघेपुढे गेली असेल तर गवंडी बोलवावा आणि तोपर्यंत त्या ओसरीत कोणी निजू नये. पत्र्याच्या शेडमध्ये वाकलेला पाईप ठोकून सरळ केला तर तो तेथेच कमकुवत राहतो. तो बदलावा.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो माझ्या विषयाच्या जवळचा आहे. वारा तर सगळ्या गावावर सारखा होता. मग हाच लिंब का पडला?

असे झाड उन्मळलेले दिसले की मी आधी त्याचा गड्डा पाहतो. जाड मुळे एका बाजूला आखूड, गोल आणि स्वच्छ तुटलेली असतील तर ती वाऱ्याने तुटलेली नसतात. ती पूर्वी कोणीतरी तोडलेली असतात. ओटा वाढवताना, नळाची किंवा सांडपाण्याची चर खोदताना आपण कुदळीला लागलेले मूळ तोडतो आणि विसरतो. झाड पाच-सात वर्षे काही बोलत नाही. झाडाला धरून ठेवणारी मुळे मुख्यतः वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात. म्हणून खोडाच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत चर खोदू नये आणि नाइलाज झाला तर निदान दोन बाजूंनी खोदू नये.

दुसरे कारण काळी जमीन. ती उन्हाळ्यात भेगाळते, बारीक मुळे तुटतात. पाऊस लागला की चिखलासारखी सैल होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली जेथे बारमाही ओल राहते तेथे मुळे खाली जातच नाहीत, कारण पाण्याने भरलेल्या मातीत त्यांना हवा मिळत नाही. मोसंबीच्या बागेत पाणी साचले की काय होते ते तुम्ही जाणता. दारातल्या झाडाला तोच नियम लागू आहे. न्हाणीचे पाणी वर्षानुवर्षे बुंध्याशी सोडणे म्हणजे झाडाची सेवा नव्हे.

तिसरे कारण आपल्या लक्षातच येत नाही: बुंध्याभोवतीची जमीन घट्ट होणे. झाडाखाली बैल बांधतो, ट्रॅक्टर उभा करतो, फरशी घालतो, वर सिमेंटचा पार बांधतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९८७ मध्ये मोठे वादळ झाले आणि सुमारे दीड कोटी झाडे पडली. लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात दोनशे वर्षांच्या जवळपास वयाचा एक ओक वृक्ष त्या वादळात मुळांसकट वर उचलला गेला आणि पुन्हा जागेवर बसला. तो पूर्वीपासूनच रोडावत चाललेला होता. माळ्यांनी त्याला टेकू दिले आणि पडलेल्या झाडांच्या कामाला लागले. तीन वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले तेव्हा तो पूर्वीपेक्षा जोमदार दिसला. लोकांच्या पायांनी दबून घट्ट झालेली माती वादळाने मोकळी केली होती. तेव्हापासून तेथे जुन्या झाडांभोवतीची माती मुद्दाम भुसभुशीत केली जाते. आपण वादळाची वाट पाहण्याचे कारण नाही. बुंध्यापासून थोडे दूर, फांद्यांच्या घेराखाली पहारेने दीड-दोन फूट खोल भोके पाडून त्यांत शेणखत भरावे, वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि जनावरे दुसरीकडे बांधावीत.

उभी झाडे मार्चमध्येच पाहून घ्यावीत. बुंध्याशी भूछत्रे उगवली असतील, शेंडा वाळत असेल, खोड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, झुकलेल्या झाडाच्या मागच्या अंगाला जमीन उचलून भेग पडली असेल, तर ते झाड वाऱ्याची वाट पाहत आहे असे समजावे. शेळ्यांसाठी पाला तोडताना आपण रस्त्याच्या किंवा गच्चीच्या बाजूने हाताला येतील त्या फांद्या तोडतो आणि घराकडचा भार तसाच राहतो. यात बदल केला पाहिजे. घराकडच्या वाळक्या आणि फार लांब गेलेल्या फांद्या काढाव्यात. मात्र लिंब बोडका करू नये. बोडक्या झाडाला येणारे नवे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि चार वर्षांनी तेच मोडून पडतात.

परवानगीबद्दल लोक घाबरतात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, चंदन, खैर, हिरडा, ऐन, अंजन अशी झाडे आहेत. लिंब आणि बाभूळ त्यांत नाहीत. अनुसूचीतील झाड असले तरी ते वाऱ्याने पडलेले, मेलेले किंवा जीविताला व मालमत्तेला धोका देणारे असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला परवानगी नाकारता येत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. अर्ज मात्र करावा. तीर्थपुरी आता नगर पंचायत आहे, तेव्हा गावठाणातल्यांनी नगर पंचायतीत विचारावे. लाकूड गावाबाहेर विकायला न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याचे वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावे. शेजाऱ्याचे झाड आपल्या ओसरीवर पडले तर लाकूड कोणाचे आणि पत्रे कोणी घालायचे, यावर भांडण पेटते. जमीन महसूल संहितेप्रमाणे धारण जमिनीतील झाडावर हक्क धारकाचा असतो. तेव्हा लाकडावर हात टाकण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलवून, त्याच्यासमोर फोटो काढून, दोन जाणत्यांना मध्ये घालून ठरवावे.

पडलेले झाड पुन्हा उभे करता येते का, असे काही जण विचारतात. मोठा लिंब उभा करू नये. तो उभा दिसेल, पण मुळे तुटलेली असल्यामुळे पुढच्या वळवात पुन्हा पडेल. लहान झाडाची गोष्ट वेगळी. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० रोजी, रायगड किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा कोणते झाड उचलायचे आणि कोणते तोडायचे हाच प्रश्न बागायतदारांपुढे होता. मोसंबीची तरुण बाग कलली असेल तर मुळे वाळू न देता, शक्यतो दुसऱ्याच दिवशी झाड सावकाश सरळ करावे. तुटकी मुळे धारदार कात्रीने साफ कापावीत, त्या प्रमाणात वरचा पसाराही कमी करावा, माती दाबून दोन-तीन बाजूंनी काठ्यांचा आधार द्यावा. जखमांना बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकूण १० लिटर पाण्यात मिसळावे. लोखंडी भांडे वापरू नये.

लाकूड फुकट घालवू नये. पण आजच कापलेल्या ओल्या लिंबाचा खांब उद्याच ओसरीला लावण्याची चूक करू नये. लाकूड वाळताना आकसते, पीळ खाते आणि जोड सैल करते. फळ्या सावलीत, एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात, टोकांना डांबर किंवा जुना तेलरंग लावावा आणि काही महिने वाळू द्यावे. तोपर्यंत ओसरीला लोखंडी धिरा चालेल. पाला उकिरड्यावर टाकण्यापेक्षा कंपोस्टात घालावा. आणि एक आठवण: झाड जूनमध्ये पडले असेल तर त्यावरच्या पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा, पाच टक्के निंबोळी अर्काला त्या कपाशीत उपयोगी पडतील.

शेवटचे काम खड्ड्याचे. गड्डा बाहेर काढल्यावर खड्डा एकदम भरून मोकळे होऊ नये. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर टाकावा, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा, मग पुढचा थर. आत राहिलेली जाड मुळे पुढे कुजतात आणि तेथे जमीन खचते, म्हणून जेवढी निघतील तेवढी काढावीत. त्या भरावावर ओसरीचा नवा खांब लगेच उभा करू नये. एक पावसाळा भराव बसू द्यावा. ओसरीसमोर सावली हवीच असेल तर त्या जागी लिंब पुन्हा न लावता सीताफळ, कढीपत्ता किंवा कागदी लिंबू लावावे, आणि नवा लिंब घरापासून निदान दहा-बारा मीटर दूर, बांधाच्या कडेला.